चित्र सुधारलं, माणूस बिघडला

रत्नाक्का मगदूम समोर आल्या की आधी जागच्या जागी उभं राहायचं आणि मग बोलायचं, ही शिस्त मिरजेतल्या टपाल कॉलनीत लहानथोर सगळ्यांच्या अंगवळणी पडली होती. भाजीवाली दोडकं हातात धरून फोटो काढायला आल्यासारखी स्तब्ध राही. शेजारचे निवृत्त हेडमास्तर नमस्काराला जोडलेले हात तसेच जोडून ठेवत. त्यामुळे त्यांच्या चेहऱ्यावर असं काही पावित्र्य येई, की त्यांचे जुने विद्यार्थी ओळखायचे नाहीत. कॉलनीतला कुत्रादेखील रत्नाक्कांसमोर शेपूट सावकाश हलवतो असं लोक सांगत. यात थोडी अतिशयोक्ती असावी. कुत्रा म्हातारा होता.

शिस्तीचं कारण रत्नाक्कांच्या कमरेला होतं. पन्नाशी ओलांडता ओलांडता त्यांचं दृष्टिपटल विरत गेलं. जुन्या लुगड्यासारखं आधी कडेनं आणि मग मधोमध. तोवर विज्ञानानं एक वळसा काढला होता. डोळा चालत नाही ना, मग डोळ्याला वगळून मेंदूला थेट दाखवा. चष्म्याच्या दांडीवर तांदळाएवढा कॅमेरा, कमरेला पानाच्या डब्याएवढी पेटी आणि कवटीच्या मागच्या बाजूला, जिथे मेंदू पाहण्याचं काम करतो तिथे, केसाहून बारीक तारांची एक चकती. कॅमेऱ्यानं टिपायचं, पेटीनं त्याचं मेंदूला समजेल अशा टोच्यांत रूपांतर करायचं आणि चकतीनं ते टोचायचे. मेंदू मोठा समजूतदार अवयव आहे. महिन्याभरात तो त्या टोच्यांनाच जग म्हणू लागतो.

फक्त हे जग रत्नाक्कांपर्यंत जरा उशिरा पोचे, आणि तेही तुकड्यातुकड्यानं. पेटीला सेकंदाला जेमतेम एक-दोन चित्रंच उरकत. झपाझप चालणारा माणूस दारात दिसे आणि एकदम सोफ्यावर दिसे. मधला माणूस गहाळ. हातवारे करून बोलणाऱ्यांचे तर हातच दिसत नसत, खांद्याला नुसतं धुकं. म्हणून कॉलनी थांबायला शिकली.

या सगळ्या फाटक्यातुटक्या जगात एक माणूस मात्र रत्नाक्कांना कायम अखंड दिसे. तो म्हणजे त्यांचे यजमान, श्रीपालअण्णा. असं का, याचा विचार त्यांनी कधी केला नव्हता. नवरा कसा दिसतो याचा विचार संसारात फारसा होत नाही. दिसला की पुरतं.

अण्णांची नोकरी मिरज जंक्शनच्या आरएमएसमध्ये झाली. म्हणजे रेल्वेनं येणारी टपालं गावोगावच्या खणांत टाकायची. त्यांच्या हाताची त्या काळी ख्याती होती. एक पाकीट खणात पडायच्या आत दुसरं हातातून सुटलेलं असे. लग्न नवं असताना रत्नाक्का एकदा जेवणाचा डबा द्यायला गेल्या, नवऱ्याचे हात बघत पाऊण तास उभ्या राहिल्या आणि डबा तसाच घेऊन घरी आल्या. सासूबाईंनी विचारलं, "जेवला का गं?" तेव्हा काय सांगावं हे त्यांना सुचलं नव्हतं.

असो. गोष्ट सुरू होते ती पुण्याहून आलेल्या फोनपासून. पेटी बनवणाऱ्या कंपनीत सई ढोबळे नावाची एक इंजिनिअर मुलगी होती. ती म्हणाली, "काकू, तुमच्या पेटीचा कर्नल बदलायचाय. बसल्या जागी होईल."

"कर्नल म्हणजे?" रत्नाक्कांनी विचारलं.

सई हुशार होती. तिनं मागच्याच महिन्यात स्वतःच्या लग्नात पंगत पाहिली होती. "काकू, पंगतीत वाढपी असतात ना? कोणी पुरी आणतं, कोणी मठ्ठा, कोणी मीठ-लिंबू. आणि एक मोठा माणूस मधे उभा राहून ओरडत असतो, आधी तू जा, तू थांब. पेटीत तो जो ओरडणारा आहे, तो कर्नल. सगळी कामं त्याच्या हुकुमानं चालतात. तुमचा जुना कर्नल फार नेमस्त. शेवटच्या पानावर मीठ पडल्याशिवाय पुरीवाल्याला आत सोडायचा नाही. बॅटरी तपासा, तारीख लिहा, मग चित्र. तोवर चित्र गार."

"आणि नवा?"

"नवा गरम ते आधी वाढतो. चित्र तयार झालं की थेट पानात. मीठ सवडीनं. यंत्र तेच, काकू, पण चित्रं वीसपट पळतील. काहींना सुरुवातीला उलटा त्रासही होतो, तसं झालं तर कळवा. येत्या रविवारपर्यंत जुना कर्नल परत घालता येतो. त्यानंतर मात्र नाही."

झालं. पेटी एकदा गप्प झाली, रत्नाक्का अंधारात शंभरपर्यंत आकडे म्हणत बसल्या, आणि मग जग आलं.

जग आलं ते धो धो आलं. नळाचं पाणी आजवर त्यांना काचेच्या कांडीसारखं दिसे, ते चक्क पडत होतं. पंखा फिरत होता. खिडकीतल्या चिमणीनं मान इकडून तिकडे केली आणि मधली मानसुद्धा दिसली. कुकरची शिट्टी उडताना थरथरली, तेव्हा तर रत्नाक्कांनी मोठ्यांदा "अगंबाई" म्हटलं. आता ही गंमत कधी एकदा नवऱ्याला सांगते असं त्यांना झालं, आणि नेमके तेव्हाच श्रीपालअण्णा चहा घेऊन आले.

आले म्हणजे, येत राहिले. स्वयंपाकघराच्या दारापासून खुर्चीपर्यंत चार पावलं, पण प्रत्येक पाऊल विचारून टाकल्यासारखं. चिमणीच्या दोन फेऱ्या झाल्या. कप पुढे आला आणि हवेतच थांबला. मग अण्णा हसले. हसू आलं, चेहऱ्यावर बसलं, आणि पाहुण्यासारखं उठायचं नाव घेईना. डोळे मिटले तेही दुकानाचं शटर ओढावं तसे.

रत्नाक्कांनी घाईनं कप काढून घेतला आणि खाली ठेवला.

हे सगळं त्यांनी एकदा पाहिलेलं होतं, स्वतःच्या डोळ्यांनी, डोळे होते तेव्हा. अण्णांचे थोरले बंधू जिनपाल. त्यांचंही असंच सुरू झालं. आधी चाल मंदावली, मग हात, मग चेहरा मुखवट्यासारखा थिजला. कंपवात. शेवटची दोन वर्षं त्यांना घास भरवायला लागायचा, आणि तो भरवायचं काम रत्नाक्कांकडे होतं.

"काय गं, कसं दिसतंय?" अण्णांनी एकेक शब्द सुटा करून विचारलं.

आता मला सगळं दिसतंय, असं सांगावं, तर काय दिसतंय हेही सांगावं लागणार. रत्नाक्का म्हणाल्या, "तसंच आहे ओ. फार फरक नाही."

अण्णांचा चेहरा पडला. म्हणजे, पडत गेला. मग त्यांनी बायकोच्या खांद्यावर हात ठेवला. तो पोचायला इतका वेळ लागला की रत्नाक्कांचे डोळे भरून आले. डोळे दिसण्याच्या कामाचे नव्हते, पण या कामाला शाबूत होते.

त्यानंतरचे दिवस मोठे चमत्कारिक गेले. रत्नाक्का येताजाता नवऱ्याकडे टक लावून बघू लागल्या. अण्णा शर्टाची गुंडी लावताहेत, बघ. अण्णा वर्तमानपत्राचं पान उलटताहेत, बघ. जितकं बघावं तितके ते अधिकच मंद होत होते. सोमवारी पान उलटायला लागला त्याच्या दीडपट वेळ गुरुवारी लागला. एवढ्या झपाट्यानं तर जिनपालभावोजींचाही आजार वाढला नव्हता.

शेवटी अण्णा मंदिरात गेले आहेत असं बघून त्यांनी पुण्याला फोन लावला. "सई, मला जुना कर्नल परत दे बाई."

"का काकू? इथे तुमचे सगळे आकडे मस्त दिसताहेत! चित्र अडकतंय का?"

"चित्र सुधारलंय. माणूस बिघडलाय."

"काकू, माणूस आमच्याकडे येत नाही. आमचं फक्त चित्र."

"म्हणूनच म्हणते. जुन्या चित्रात ते धडधाकट होते. इतकी वर्षं मला काही कळलं नाही, सुखानं चाललं होतं. आता घास घ्यायला तोंड उघडतात तेही मला दिसतं. मला नको हे."

सई लहान असली तरी मुळात शहाणी होती. ती म्हणाली, "रविवारपर्यंत मुदत आहे, काकू. तुम्ही म्हणाल तर एका मिनिटात परत घालते. पण जुना घातला म्हणून काका बरे नाही ना होणार? आधी डॉक्टरला दाखवा."

मिरजेत डॉक्टर शोधावा लागत नाही, चुकवावा लागतो. अडचण अण्णांना नेण्याची होती. भावाचं सगळं बघितलेल्या माणसाला मेंदूच्या डॉक्टरकडे चला म्हणणं म्हणजे निदानच सांगणं. रत्नाक्कांनी युक्ती केली. "अहो, ही पेटी काही नीट चालेना. मेंदूच्या डॉक्टरांना विचारून बघू का?"

"मीच म्हणणार होतो," अण्णा इतक्या तत्परतेनं म्हणाले की क्षणभर त्यांचा आजार थांबल्यासारखा वाटला. मग पुन्हा सावकाश, "उद्याच जाऊ. काळजी करू नको."

डॉक्टर शबनम सतारमेकर यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या सतारीच्या तारा जुळवल्या जात. यांनी माणसांच्या तारा घेतल्या, एवढाच फरक. रत्नाक्कांनी सगळी हकिकत त्यांना आधीच फोनवर सांगून ठेवली होती. डॉक्टरीणबाईंनी नाटक छान वठवलं. थोडा वेळ पेटीकडे बघितलं, मान डोलावली, आणि म्हणाल्या, "अण्णा, अक्कांना हालचाल कशी दिसते ते तपासायचंय. तुम्ही जरा मदत करा की. अंगठा आणि हे बोट असं पटापट जुळवा."

अण्णांनी बायकोकडे तोंड करून हात नीट तिच्या समोर धरला. अंगठा निघाला. बोट निघालं. दोघं वाटेत कुठेतरी भेटली, थोडी थांबली आणि निरोप घेऊन परतली.

"अजून जोरात, अण्णा."

अण्णांनी बायकोकडे प्रेमानं बघितलं आणि आणखी हळू केलं.

डॉक्टरीणबाईंच्या भुवया किंचित वर गेल्या. हे रत्नाक्कांना दिसलं. भुवया दिसण्याइतकं आता सगळं दिसत होतं, हाच तर शाप होता. मग अण्णांना चालायला लावलं. पेशवाईतली मिरवणूक चालावी तसे ते चालले. वळायला सांगितलं. भिंतीवरचं घड्याळ त्यांच्या आधी वळेल असं वाटलं.

"अक्का," डॉक्टर म्हणाल्या, "तुम्ही पाच मिनिटं बाहेर बसता का?"

बाहेर बसायला सांगतात तेव्हा काय असतं, हे रत्नाक्कांना ठाऊक होतं. जिनपालभावोजींच्या वेळी त्याच बाहेर बसल्या होत्या. त्या बाकावर जाऊन बसल्या. समोरच्या दारात एक उभी अरुंद काच होती. तिच्यातून त्यांना अण्णा पाठीमागून, जरा तिरके दिसत होते. मनात म्हणाल्या, घरी गेले की सईला फोन. जुना कर्नल. जे व्हायचं ते होवो, मी भरवीन घास, पण मला हे इतकं स्वच्छ बघवणार नाही.

तेवढ्यात आत डॉक्टरीणबाई काहीतरी घ्यायला वळल्या आणि त्यांच्या कोपराचा धक्का लागून टेबलाच्या कडेवरचा काचेचा पेपरवेट निसटला.

तो खाली पडलाच नाही. रत्नाक्कांनी बघितलं: अण्णांचा डावा हात खुर्चीवरून सुटला, वाकला, पेपरवेट फरशीच्या वीतभर वर असतानाच मुठीत आला, आणि टेबलावर जागच्या जागी ठेवलाही गेला. डॉक्टरीणबाई तोवर पुरत्या वळल्यादेखील नव्हत्या. मग अण्णांनी उजव्या हाताचा अंगठा आणि बोट त्यांच्यापुढे धरलं आणि ते असं चालवलं, की तबल्यावर असतं तर श्रोत्यांनी दाद दिली असती.

जुन्या कर्नलवर यातलं काहीच दिसलं नसतं. पेपरवेट टेबलावर दिसला असता, आणि मग टेबलावरच दिसला असता. जगात काही घडलंय याचा पत्तासुद्धा लागला नसता. आज मात्र सगळं दिसलं. झडप, मूठ, मनगटाचा झटका. आरएमएसच्या खिडकीतून दिसले होते तेच हात.

रत्नाक्कांनी दार ढकललं. अण्णांनी चाहूल लागताच मान वळवली, आणि मान वळता वळता अर्ध्यावर मंदावली.

"पुरे!" रत्नाक्का कडाडल्या. "नीट वळा!"

अण्णा दचकून नीट वळले.

"हे काय चालवलंय तुम्ही?"

"कुठं काय? तुझी तपासणी चाललीय ना?"

"माझी नाही, तुमची! मला वाटलं भावोजींचं झालंय तेच तुमचं. आठवडाभर पोटात अन्न नाही माझ्या!"

"माझं? आणि मला वाटलं तुझी पेटी बिघडली. तूच म्हणालीस फरक नाही म्हणून. वर येताजाता डोळे फाडून बघत बसायचीस. मी म्हटलं, हिला आता आधीइतकंही दिसत नाही. म्हणून आणखी हळू केलं."

"आधीइतकंही?" रत्नाक्का थबकल्या. "म्हणजे आधीपासून करताय? कधीपासून?"

अण्णांनी डॉक्टरीणबाईंकडे बघितलं. त्या कपाटातली औषधांची नावं वाचण्यात गढून गेल्या होत्या.

"पेटी बसली तेव्हापासून," ते म्हणाले. "पहिल्या दिवशी मी हसलो, तर तू म्हणालीस, अहो, माझ्यावर चिडलाय का? मधलं हसू तुला पोचलंच नव्हतं. मग मी धरून ठेवायला लागलो. तू हसलीस की सोडायचं."

"मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, माझ्यासाठी नका करू. मग भांडण झालं असतं. भांडणात हात हलतात. तुला काहीच दिसलं नसतं."

यावर रत्नाक्कांना उत्तर सुचेना. उत्तर न सुचण्याचा हा त्यांचा आयुष्यातला दुसरा प्रसंग.

"आणि तू का नाही सांगितलंस, चांगलं दिसतंय म्हणून?"

"तुमचं दुखणं मला दिसतंय हे तुम्हाला कळू नये म्हणून."

कपाटाकडे तोंड करूनच डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अण्णांना काही झालेलं नाही. अक्कांनाही नाही. तुम्हाला एकमेकांशी खोटं बोलायची खोड आहे, त्यावर माझ्याकडे गोळी नाही. आता बाहेर बसून भांडा बघू, पेशंट थांबलेत."

भांडण झालं आणि ते रिक्षाभर पुरलं. घरी आल्यावर रत्नाक्कांनी फर्मान काढलं: आजपासून खऱ्या वेगानं वागायचं. फर्मान काढायला सोपं होतं. अण्णांच्या अंगात मंदपणा असा मुरला होता की खरा वेग कोणता हेच त्यांना आठवेना. कधी कप अर्ध्या वाटेत थांबे, कधी ठेचकाळल्यासारखा येऊन आदळे. रत्नाक्का उजवीकडे सरकत तेव्हा हेही उजवीकडे. दोन दिवसांत तीन कप फुटले आणि दोघांची कपाळं एकदा एकमेकांवर आपटली. आयुष्य एका तालात काढलेल्या माणसांना अचानक द्रुत लयीत गायला सांगितलं की काय होतं, ते मगदुमांच्या स्वयंपाकघरात झालं.

कॉलनीला बातमी पोचली. भाजीवालीनं थांबणं बंद केलं. हेडमास्तरांचे हात सुटे झाले आणि पावित्र्य मावळलं. रत्नाक्कांना लोकांचे चेहरे आता खरे दिसू लागले. पुढे हसून पाठ वळवताना तोंड वाकडं करणारी शेजारीणसुद्धा. सगळंच बघण्यासारखं असतं असं नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. मनात एकदा येऊनही गेलं, जुनंच बरं होतं का?

रविवारी सकाळी सईचा फोन आला. "काकू, आज शेवटचा दिवस. काय ठरलं? नवा ठेवू, की जुना परत घालू?"

रत्नाक्कांनी मान वर केली. अण्णा समोर पाटावर बसून चिवड्यासाठी शेंगदाणे सोलत होते. त्यांनी फोनवरचं ऐकलं होतं. मान खाली घालूनच ते म्हणाले, "माझा विचार करू नको. तुला जुन्यात बरं वाटत असेल तर घाल जुना. मी राहीन सावकाश. मला आता तेच सोपं जातंय."

आणि हे म्हणताना त्यांनी, बहुधा स्वतःच्याही नकळत, एक दाणा अंगठ्यानं वर उडवला. दाणा छताच्या दिशेनं गेला, पंख्याच्या वाऱ्यात किंचित कलला, अण्णांची मान मागे गेली, कलली आणि दाणा तोंडात पडला. चटकन मान खाली. अडुसष्ट वर्षांचा, कुटुंबवत्सल, मंदिराच्या पंच कमिटीवर असलेला माणूस काही घडलंच नाही अशा चेहऱ्यानं पुढचा दाणा सोलू लागला.

"काकू? आहात ना?"

"आहे. नवाच राहू दे," रत्नाक्का म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

अण्णांनी हळूच वर बघितलं. चोरी पकडली गेलीय की नाही याचा अंदाज घेत होते. "दिसलं का गं तुला?"

रत्नाक्कांना सगळं दिसलं होतं. वर जाताना दाण्याचं निघालेलं तांबूस साल दिसलं होतं आणि खाली येईपर्यंत अण्णांच्या चेहऱ्यावर उमटलेली पोरकट घाईसुद्धा.

"नाही बाई," त्या खुर्ची ओढून समोर बसत म्हणाल्या, "काहीच नाही दिसलं. पुन्हा करा."

ती धादांत खोटं बोलतेय हे अण्णांना पक्कं कळलं. त्यांनी ताटातला त्यातल्या त्यात मोठा दाणा निवडला.